व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वर : गिटारच्या आवाजाची तुलना आणि अच्छाड परिसराचा ध्वनी-इतिहास

प्रस्तावना

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने (राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८, पूर्वीचा क्र. ८) उत्तरेकडे जाताना महाराष्ट्राच्या हद्दीत लागणाऱ्या अखेरच्या गावांपैकी अच्छाड हे एक गाव होय. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा हा परिसर सीमावर्ती बनला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाल्यापासून तलासरी तालुक्यासह तो या नव्या जिल्ह्यात आहे. तलासरी व डहाणू या दोन्ही तालुक्यांत वारली व अन्य आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. सुगीनंतर वाजणारा तारपा, लग्नसराईत वाजणारा बेंजो आणि उत्सवांतील स्पीकर असे तीन भिन्न काळांतील ध्वनी येथे आजही एकाच वर्षात ऐकू येतात.

अशा परिसरातील महाविद्यालयीन नियतकालिकात इलेक्ट्रिक गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची चर्चा करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याची शक्यता आहे. परंतु आवाजाच्या तुलनेचे शास्त्र आणि त्यासोबत एक समृद्ध शब्दसंपदा ज्या मोजक्या यंत्रांभोवती विकसित झाली, त्यांत ही यंत्रे अग्रभागी आहेत. १९५० व १९६० च्या दशकांतील अमेरिकन व ब्रिटिश ॲम्प्लिफायरच्या धर्तीवर नव्याने बनवलेली यंत्रे आज जगभर विकली जातात. ती विकत घेणारे वादक कोणत्या यंत्राचा स्वर 'अस्सल' यावर तासन्‌तास वाद घालतात. या वादात एक प्रश्न बहुधा राहून जातो, तो असा की, ज्या स्वराला अस्सल मानले जाते तो मुळात कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला असून, त्यातून मिळणारे निकष मुंबई व अच्छाड परिसराच्या ध्वनी-इतिहासाला कितपत लागू पडतात, हे तपासले आहे.

स्वर-तुलनेची भाषा

गिटारवादक ज्याला 'टोन' म्हणतात त्यासाठी मराठीत एकच एक शब्द नाही. स्वराची उंची व आवाजाची तीव्रता समान असतानाही दोन वाद्ये वेगळी ओळखू येतात, ती ज्या गुणामुळे, तो गुण येथे अभिप्रेत आहे. भौतिकशास्त्रीय दृष्ट्या कोणताही वाद्यस्वर एकटा नसतो. मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेचे उपस्वर त्यात मिसळलेले असतात. या उपस्वरांचे परस्पर प्रमाण, तसेच स्वर कसा उमटतो आणि कसा विरत जातो, यावर वाद्याचा रंग ठरतो.

ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांनी तंबोऱ्याच्या जवारीत हेच ज्ञान हाताने साध्य केले आहे. घोडीचा पृष्ठभाग कानसून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर उपस्वरांचे प्रमाण बदलतो आणि गायकाच्या पसंतीनुसार जवारी 'खुली' वा 'बंद' करून देतो. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनामागे लाकूड व भोपळ्याइतकेच हे श्रवणज्ञानही आहे. शिवाय आवाजासाठी मराठीत गोल, भरदार, खणखणीत, चिरका, घोगरा, पातळ, बसका अशी नेमकी विशेषणे आहेत. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची तुलना करताना ही शब्दसंपदा पुरेशी ठरते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

व्हॉल्व्ह आणि त्याचे वर्तन

१९०४ मध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांचा आणि १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. निर्वात काचनळीतील तप्त अग्रातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या प्रवाहावर तिसऱ्या अग्राद्वारे नियंत्रण ठेवता येऊ लागले आणि क्षीण विद्युतसंकेत मोठा करणे शक्य झाले. दूरध्वनी, नभोवाणी, बोलपट आणि जाहीर सभेतील ध्वनिक्षेपण या सर्वांचा पाया हाच होय.

व्हॉल्व्हला त्याच्या क्षमतेच्या आत वापरले असता त्याचा आवाज चांगल्या ट्रान्झिस्टर मंडलाच्या आवाजाहून फारसा निराळा नसतो. क्षमतेपलीकडे संकेत दिला असता मात्र फरक स्पष्ट होतो. व्हॉल्व्हचा प्रतिसाद हळूहळू आखडत जातो व ध्वनितरंगाची शिखरे गोलसर दबतात. तत्कालीन ट्रान्झिस्टर मंडलात ती एकदम कापली जात. ध्वनिअभियांत्रिकीविषयक एका अमेरिकन नियतकालिकात १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा मुद्दा मांडलेला आढळतो. तीन अग्रांच्या व्हॉल्व्हमध्ये अतिभाराच्या वेळी दुसरा उपस्वर, म्हणजे मूळ स्वराचे वरचे सप्तक, प्रबळ होतो व आवाज भरदार वाटतो. ट्रान्झिस्टरमध्ये तिसरा उपस्वर प्रबळ होऊन आवाज दबलेला व कडक भासतो. नंतरच्या संशोधनात या निष्कर्षाला अनेक मर्यादा घातल्या गेल्या. तथापि, फरक ऐकायचा तर यंत्र त्याच्या मर्यादेवर नेले पाहिजे, हे त्यातील मूळ सूत्र आजही उपयुक्त आहे.

तीन यंत्रे आणि त्यांची परिस्थिती

आज ज्यांच्या प्रतिकृती सर्वाधिक बनतात अशा तीन ॲम्प्लिफायरचा येथे तुलनेसाठी विचार करू.

पहिले यंत्र अमेरिकेतील फेंडर कंपनीचे 'बासमन' हे होय. लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले आणि १९४६ पासून स्वतःच्या नावाने वाद्ये व ॲम्प्लिफायर बनवण्यास प्रारंभ केला. बासमन हे नावाप्रमाणे बास गिटारसाठी तयार केलेले यंत्र होते. त्याचे १९५८ ते १९६० या काळातील मंडल विशेष प्रसिद्ध आहे. त्यात ५८८१ या प्रकारचे दोन शक्तिव्हॉल्व्ह, दहा इंची चार स्पीकर व मागून उघडी पेटी अशी योजना होती. शक्ती सुमारे ४५ वॅट होती. हे यंत्र बाससाठी अपुरे पडे, पण साध्या गिटारसाठी ते उत्तम असल्याचे वादकांनाच आढळून आले. त्याचा आवाज हळू वादनात स्वच्छ व खणखणीत असतो आणि जोराने वाजवताच कडांशी किंचित फाटतो. उद्दिष्टापेक्षा भिन्न वापरातून एक मानदंड निर्माण झाल्याचे हे उदाहरण आहे.

दुसरे यंत्र ब्रिटनमधील व्हॉक्स 'एसी ३०' हे होय. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथील टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीसाठी डिक डेनी यांनी १९५८ मध्ये पंधरा वॅटचे व त्यापाठोपाठ १९५९ मध्ये तीस वॅटचे यंत्र बांधले. प्रेक्षागृहांतील वाढत्या गोंगाटापुढे पंधरा वॅट कमी पडू लागल्याने शक्ती दुप्पट करण्यात आली. त्यासाठी मोठे व्हॉल्व्ह न घेता ईएल ८४ हे लहान व्हॉल्व्ह दोनाऐवजी चार वापरण्यात आले. हा व्हॉल्व्ह युरोपातील घरगुती रेडिओ व रेडिओग्राममध्ये सर्रास वापरला जात असल्याने सहज उपलब्ध होता. या यंत्रात ऋण-पुनर्भरणाची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश मागे देऊन विकृती कमी करण्याची, योजना नव्हती. त्यामुळे वरचे उपस्वर मोकळे राहतात आणि घंटेसारखा, थोडासा खुल्या जवारीची आठवण करून देणारा, नाद ऐकू येतो. शॅडोज व बीटल्स या वाद्यवृंदांमुळे तो जगभर परिचित झाला.

तिसरे यंत्र मार्शल 'जेटीएम ४५' हे होय. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे ढोलांचे व वाद्यांचे दुकान होते. आयात केलेली अमेरिकन यंत्रे ब्रिटनमध्ये फार महाग पडत. म्हणून १९६२ मध्ये केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने मार्शल यांनी बासमनच्या मंडलावरून स्थानिक यंत्र तयार केले. मंडल जवळजवळ तेच, पण भाग मात्र लंडनमध्ये मिळणारे होते. पहिल्या टप्प्यात अधिक वर्धन करणारा ईसीसी ८३ हा व्हॉल्व्ह आला. शक्तिव्हॉल्व्ह म्हणून लवकरच ब्रिटिश केटी ६६ आणि १९६६ च्या सुमारास ईएल ३४ वापरले जाऊ लागले. ट्रान्सफॉर्मर निराळे होते आणि बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकर मागून बंद पेटीत बसवलेले होते. परिणामी आवाज अधिक दाट, मध्यस्वरांत ठसठशीत आणि लवकर फाटणारा झाला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणानंतर हा फाटका आवाजच अनेकांचा आदर्श बनला.

बासमन व जेटीएम ४५ यांची तुलना इतिहासाच्या अभ्यासकासाठी फार बोलकी आहे. कागदावरील मंडल जवळपास एकच असताना दोन भिन्न स्वर निर्माण झाले. त्यांतील फरक आयातखर्च, स्थानिक बाजारातील सुटे भाग आणि सुताराने बनवलेली पेटी यांनी घडवला. आणखी एक बाब लक्षणीय आहे. ५८८१ ज्या ६एल६ कुळातील आहे तो व्हॉल्व्ह १९३६ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याचे प्रयोजन रेडिओ व सार्वजनिक ध्वनिक्षेपण हे होते. या तिन्ही यंत्रांतील एकही शक्तिव्हॉल्व्ह गिटारसाठी म्हणून निर्माण झालेला नव्हता. गिटारचा 'अस्सल' स्वर अन्य कारणांसाठी बनवलेल्या भागांतून, मिळेल ते वापरण्याच्या गरजेतून, घडला आहे.

मुंबई : भाषणाचा ॲम्प्लिफायर

हाच निकष भारताला लावला असता चित्र कसे दिसते? भारतात व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा सार्वजनिक प्रवेश मुख्यत्वे भाषणासाठी झाला. मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही मुंबईतील संस्था या क्षेत्रात अग्रणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेस अधिवेशनापासून नानिक मोटवाने यांनी राष्ट्रीय सभांना ध्वनिक्षेपणाची व्यवस्था पुरवली. तत्कालीन नेत्यांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर या संस्थेचे नाव अनेकदा दिसते. १९४२ च्या आंदोलनात मुंबईहून चाललेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर मोटवाने हेही आरोपी होते. पुढे त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

भाषणाच्या ॲम्प्लिफायरचे ध्येय गिटारच्या ॲम्प्लिफायरच्या नेमके उलट असते. शेवटच्या रांगेतील श्रोत्याला प्रत्येक शब्द समजला पाहिजे, म्हणून विकृती टाळणे आणि मध्यस्वरांना प्राधान्य देणे आवश्यक ठरते. त्याला जोडलेला भोंगा खालचे व अगदी वरचे स्वर गाळतो, पण मधला पट्टा दूरवर पोहोचवतो. मानवी उच्चारांतील व्यंजने त्या पट्ट्यात येत असल्याने भाषणासाठी हा गुण उपकारक ठरतो. संगीतासाठी तोच आवाज पातळ व चिरका भासतो.

स्वातंत्र्योत्तर काळात आयात-निर्यात (नियंत्रण) अधिनियम, १९४७ आणि १९५७ च्या परकीय चलन टंचाईनंतरचे कठोर धोरण यांमुळे परदेशी वाद्ये व ॲम्प्लिफायर सर्वसामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर राहिले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने १९६१ मध्ये रेडिओसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. रेडिओ दुरुस्ती करणारा कारागीर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातील सुटे भाग यांवर वादकांची भिस्त राहिली. १९६० च्या दशकात मुंबईत उदयास आलेल्या तरुणांच्या 'बीट' वाद्यवृंदांनी स्थानिक बनावटीच्या वा सभेसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरवर परदेशी गीते वाजवली. १९७० व १९७१ च्या सिमला बीट स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिकांत देशभरातील अशा वाद्यवृंदांचा आवाज जतन झाला आहे. त्यातील गिटारचा आवाज लंडनच्या आवाजाहून वेगळा वाटतो. त्याचे कारण केवळ वादकाच्या कौशल्यात शोधणे अन्यायकारक ठरेल.

हिंदी चित्रपटसंगीतात इलेक्ट्रिक गिटारने स्वतंत्र स्थान मिळवले. व्हॅन शिपले व हजारा सिंग यांच्या गिटारवरील चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) या चित्रपटातील 'दम मारो दम' या गीतातील भूपिंदर सिंग यांचे आणि 'कर्ज' (१९८०) मधील गोरख शर्मा यांचे गिटारवादन आजही ओळखले जाते. या वादनाचा स्वर ठरवण्यात ध्वनिमुद्रणकक्ष, मायक्रोफोन, ध्वनिमुद्रक आणि पुढे चित्रपटगृहातील स्पीकर यांचा वाटा ॲम्प्लिफायरइतकाच होता. तथापि, यांविषयीच्या लेखनात गीत, संगीतकार व गायक यांची नोंद असते, पण वाद्य कोणत्या ॲम्प्लिफायरमधून वाजले याची नोंद क्वचितच आढळते. फेंडर वा मार्शल यांच्या प्रत्येक वर्षीच्या मंडलाचा तपशील उपलब्ध असताना आपल्याकडे ही पोकळी असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

अच्छाड परिसर : तारपा, भोंगा आणि बेंजो

महानगरातून पुन्हा सीमाभागाकडे वळल्यास ध्वनिवर्धनाचा एक वेगळाच, विजेपूर्वीचा, इतिहास समोर येतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांची गुंडाळी यांपासून बनणारा तारपा हे वारली समाजाचे प्रमुख सुषिर वाद्य आहे. कोकणा समाजातील पावरी हे त्याच्या जवळचे वाद्य होय. भोपळ्यातील हवा दोन नळ्यांना मिळते. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत फुंक अखंड ठेवतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. टोकाकडे रुंदावत जाणारी पानांची गुंडाळी जिव्हाळीच्या क्षीण कंपनांना बाहेरच्या हवेशी जोडते व आवाज मोठा करते. लाऊडस्पीकरच्या भोंग्याचे तत्त्व हेच आहे. म्हणजे पाड्यावरच्या कारागिराने ताडपानांचा ध्वनिवर्धक विजेच्या भोंग्यापूर्वीच सिद्ध केला होता.

तारप्याचा स्वर ज्या जागेसाठी घडला ती जागाही महत्त्वाची आहे. वादक मध्यभागी असतो आणि नर्तक हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. वादक वळेल तसा फेर वळतो. नर्तक तारप्याकडे पाठ करीत नाहीत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांच्यासारख्या कलावंतांमुळे हे वर्तुळ वारली चित्रांतून जगाला ठाऊक झाले. येथे ध्वनीचा उगम हालता असून नर्तकांची पावले त्या उगमाकडे कान ठेवून पडतात. आता सांस्कृतिक कार्यक्रमाच्या मंचावर तारप्यापुढे भाषणाचा मायक्रोफोन ठेवला जातो. तेव्हा आवाज मंचाच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर स्पीकरमधून येतो, नर्तकांची रांग प्रेक्षकांकडे तोंड करते आणि वादकाच्या वळण्याचा अर्थ क्षीण होतो. आवाज मोठा झाला, परंतु ध्वनी आणि नृत्य यांचे मूळ नाते बदलले, असे म्हणावे लागेल.

विजेचा प्रश्नही स्वराशी निगडित आहे. १९६९ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले, परंतु त्याच जिल्ह्यातील पाड्यापाड्यांपर्यंत वीज पोहोचण्यास दीर्घ काळ लागला. व्हॉल्व्हला काम करण्यासाठी उच्च व्होल्टेज लागते. व्होल्टेज उतरले की त्याची शक्ती घटते आणि आवाज लवकर फाटू लागतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बॅटरीवरही चालवता येत, पण ती व्यवस्था जड व खर्चिक होती. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहज चालणारे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आल्यावर ध्वनिक्षेपण मांडवातून बाहेर पडून वरातीबरोबर चालू लागले.

वरातीतील बेंजो हा या कथेतील सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे. मराठीत ज्याला बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकन बॅन्जोशी संबंध नाही. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या 'ताइशोगोतो' या कळांच्या तंतुवाद्यापासून भारतात बुलबुलतरंग रूढ झाला. त्यालाच चुंबकीय पिकअप बसवून मुंबई, ठाणे व कोकणपट्टीतील वादकांनी वरातीचे प्रमुख वाद्य बनवले. तारेच्या कंपनाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारी ही योजना इलेक्ट्रिक गिटारमध्ये असते तीच आहे. हा संकेत भाषणासाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरला व भोंग्याला दिला जातो, आणि ढोल-ताशांच्या वर ऐकू यावा म्हणून आवाज शेवटपर्यंत चढवला जातो. त्यामुळे यंत्र मर्यादेवर जाते, स्वर फाटतो, भोंगा मधला पट्टा पुढे आणतो आणि एक झणझणीत, दूरवर पोहोचणारा नाद निर्माण होतो. व्हॉल्व्हचे मऊ फाटणे त्यात नाही. परंतु बास गिटारच्या यंत्रावर साधी गिटार वाजवणारा अमेरिकन वादक आणि सभेच्या भोंग्यावर बेंजो वाजवणारा आपल्याकडील वादक यांची कृती तत्त्वतः एकच आहे. दुसऱ्याच कामासाठी बनलेल्या यंत्रातून दोघांनीही आपल्या जागेला साजेसा स्वर काढला. एकाच्या स्वराला जगाने मानदंड मानले. दुसऱ्याचा आवाज मात्र गोंगाट म्हणून बाजूला सारला गेला.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आणले. आरोग्याच्या दृष्टीने हे नियम आवश्यकच आहेत. मात्र डेसिबलमापक केवळ तीव्रता मोजतो, स्वराचा रंग मोजत नाही. कायद्याच्या नोंदीत बेंजो, तारपा आणि बाजारातून आणलेले अवाढव्य स्पीकर हे सर्व केवळ आकडे होऊन राहतात. त्यांचे सांस्कृतिक वर्णन करण्याची जबाबदारी अभ्यासकांवर येते.

जुन्या धाटणीची पुनर्निर्मिती

१९९० मध्ये फेंडर कंपनीने १९५९ च्या बासमनची प्रतिकृती बाजारात आणली. अन्य कंपन्यांनीही तोच मार्ग स्वीकारला. २००१ मध्ये भारताने आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठवल्यानंतर अशी यंत्रे येथेही मिळू लागली. परंतु प्रतिकृती आणि मूळ यंत्र यांची तुलना वाटते तितकी सरळ नाही. जुने स्पीकर वर्षानुवर्षे वाजून सैल झालेले असतात, जुने संधारक आपले मूल्य बदलतात आणि अमेरिकेत तयार झालेले ११७ व्होल्टचे यंत्र २३० व्होल्टच्या देशात ट्रान्सफॉर्मर लावून चालवावे लागते. मूळ व्हॉल्व्ह बनवणारे बहुतेक कारखाने बंद झाले आहेत. आजचे व्हॉल्व्ह मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध जाहीर केले तेव्हा जगभरच्या ॲम्प्लिफायर उत्पादकांत चिंता पसरली. मुबलक व स्वस्त म्हणून निवडलेला भाग आज दुर्मीळ झाला असून त्याची दुर्मीळताच त्याच्या अस्सलपणाचा पुरावा मानली जाते, हा कालाचा विपर्यास होय.

म्हणून अशा यंत्रांची तुलना करताना पुढील गोष्टी वेगळ्या करून पाहणे आवश्यक ठरते : मंडल, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर व पेटी, वीजपुरवठा, वादनाची जागा आणि ऐकणाऱ्याची सवय. दोन्ही यंत्रांची श्रुत तीव्रता समान ठेवली नाही, तर अधिक मोठा आवाज अधिक चांगला वाटण्याचा धोका असतो. कोणते यंत्र वाजत आहे हे श्रोत्याला ठाऊक नसणे इष्ट, कारण नावाचा दबदबा कानावर परिणाम करतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वर केवळ व्हॉल्व्हमध्ये नसतो. उपलब्ध भाग, किंमत, आयातधोरण, जागेचा आकार आणि श्रोत्यांची अपेक्षा यांच्या संयोगातून तो घडतो. 'अस्सल' समजले जाणारे स्वर एका विशिष्ट काळातील अडचणींवर काढलेल्या तोडग्यांचे अवशेष आहेत. भारतात भाषणासाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरवर संगीत वाजवले गेले आणि त्यातून मुंबईच्या वाद्यवृंदांचा व वरातीच्या बेंजोचा स्वतःचा स्वर निर्माण झाला. तो परदेशी स्वराची फसलेली नक्कल आहे, असे मानण्यास इतिहासाचा आधार नाही. ध्वनिवर्धन हे तटस्थ तंत्रही नव्हे. तारप्याच्या उदाहरणात दिसते त्याप्रमाणे ते वादक व नर्तक यांच्या नात्यात बदल घडवते.

या निष्कर्षांना एक व्यावहारिक बाजू आहे. पाश्चात्त्य ॲम्प्लिफायरचा इतिहास लिहिता आला, कारण यंत्रे, मंडलांचे नकाशे आणि वादकांच्या आठवणी जपल्या गेल्या. आपल्याकडील जुने व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर व भोंगे भंगारात जात आहेत आणि ते दुरुस्त करणारी पिढी वृद्ध होत आहे. डहाणू-तलासरी परिसरातील महाविद्यालयांना येथे प्रत्यक्ष काम करता येईल. साउंड सर्व्हिस चालवणाऱ्यांकडील जुन्या यंत्रांची छायाचित्रे घेणे, त्यांवरील उत्पादकाचे नाव व व्हॉल्व्हचे क्रमांक टिपणे, बेंजोवादकांच्या मुलाखती घेणे, आणि तारप्याचे ध्वनिमुद्रण मंचावर व मोकळ्या अंगणात, एकाच साधनाने व ठरावीक अंतरांवरून करणे, एवढे काम इतिहास, भौतिकशास्त्र व मराठी या विभागांनी मिळून केले, तरी एक विश्वसनीय संग्रह उभा राहील. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती आपल्या कानावर रोज पडणारा आवाज हाही इतिहासाचे साधन आहे, हे मान्य करण्याची.